नांगी तोडलेला विंचू

माझ्या मामाला विंचवांचं भारी कौतुक. बांधावरचा दगड उलटवून तो विंचवाला काडीने दाबून धरायचा आणि आम्हा भाचरांना शिकवायचा. पुढचे आकडे जाड असले, तर तो आकड्यांनीच चिरडून खातो, त्याच्या नांगीत दम कमी. आकडे बारीक आणि शेपूट जाड असेल, तर दूर व्हा. पोटाखाली दोन फण्या असतात, त्यांनी तो जमीन चाचपतो.

चामोर्शीजवळच्या आमच्या गावी ताईचं लग्न झालं. मेव्हण्यांनी नवरदेवाचे बूट लपवले होते. ते परत देताना मामाने आपली कला दाखवली. जाड आकड्यांचा काळा विंचू धरला, अडकित्त्याने नांगी छाटली आणि त्याला बुटात सोडलं.

नवरदेवाने पाय घातला आणि विंचवाने अंगठा पकडला. गडी किंचाळत मांडवभर एका पायावर नाचला, पडला, नवी पँट ओली झाली. बाहेर पडलेला विंचू आपली बोडकी शेपूट पुन्हा पुन्हा हाणतच होता.

"भेऊ नोका जावईबापू, नांगी नाई त्याले!" मामा ओरडला.

सगळा मांडव हसला. तोंडाला पदर लावून ताईही हसली. नवरदेवाने तेवढंच पाहिलं.

तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला. मी ताईकडे राहायला गेले, तेव्हा सकाळी तो खुर्चीत बसला होता आणि ताई त्याच्या जड बुटात हात घालून पार टोकापर्यंत चाचपत होती. ते बूट रात्रभर अंगणातल्या विटांच्या ढिगावर ठेवायचे, हा त्याचाच हुकूम.

"आपटून काऊन नाई पाहात?" मी विचारलं.

"हातानंच पायजे," तो म्हणाला. मग ताईकडे वळला. "हास ना आता. काऊन नाई हासत?"

ताई हसली. मला त्याचा संताप आला, आणि मामाचा त्याहून जास्त.

दिवाळीला ताई माहेरी आली ती दवाखान्यातून सुटून. ताप होता, असं आईने शेजारी सांगितलं. मामा भेटून निघाला, तशी ताई सवयीने खाली बसली आणि तिने त्याच्या बुटात हात घातला. बोटाच्या टोकाला दंशाचा काळा डाग होता. मामाने तो पाहिला आणि त्याला सगळं कळलं.

"कसा होता वो इच्चू?" त्याने हळूच विचारलं.

"आकडे बारीक होते, मामा," ताई म्हणाली आणि हसली.