देवीचा जबडा

आमच्या संग्रहालयाच्या मास्तरांइतका घाबरट माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा झाला नाही. शाळेतली चित्रकला शिक्षकाची नोकरी संपल्यावर त्यांनी आमच्या एका खोलीच्या संग्रहालयाची किल्ली घेतली आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. ओल, उंदीर, वाळवी ही भीती कुणालाही समजेल. मास्तर उन्हाला भ्यायचे, वरातीच्या बँडला भ्यायचे, पाहुण्यांच्या श्वासालाही भ्यायचे. शिरपामाळ पाहून आलेल्या पर्यटकांना ते दारातच अडवत. "चिवडा बाहेर संपवा. तुमच्या सांडलेल्या शेवेवर माझी झुरळं बाळंत होतात!" एकदा एक बाई मुखवट्यासमोर शिंकल्या, तर मास्तरांनी आधी मुखवट्याला रुमाल लावला आणि मग त्यांना. डांबराच्या गोळ्यांचा वास त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की वहिनी म्हणायच्या, "हे घरी आले की कुणीतरी कपाट उघडल्यासारखं वाटतं."

आम्ही हसायचो. पण पावसाळ्यात ते भिंतीला हात लावून उभे राहत तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे. घरातलं माणूस तापाने फणफणल्यावर व्हावा, तसा.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावरच्या कुटुंबाचा देवीचा लाकडी मुखवटा आमच्याकडे ठेवायला होता. पूर्वी तो त्यांच्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात राहायचा. नवं घर झालं, गॅस आला, माळा गेला. मात्र बोहाडा, म्हणजे देवांची सोंगं नाचवायचा उत्सव आला, की तो चढवून नाचायचा मान त्यांचाच. एका वर्षी घरातली म्हातारी मुखवटा न्यायला आली. मास्तरांनी जबड्यावर बोट टेकवलं आणि खाली पिठासारखा भुगा पडला. आतून भुंग्याने पोखरलं होतं.

"आजी, यंदा नको. फुटेल."

"नाचली नाय तं देवी कशाची, मास्तर? लाकूडच ना ते. फुटली तं सरस लावू, रंग देऊ. माझ्या सासऱ्याने नाय का नाक बसवलं तिचं?"

मास्तरांनी मला फोन केला. संग्रहालयाच्या समितीचा कार्यवाह मी. त्यांचा आवाज कापत होता. "दिली तर मोडेल. नाही दिली तर त्यांच्या घरी देवी नाचणार नाही. काय करू?" मी जेवायला बसलो होतो. म्हणालो, "द्या हो. समितीचं मी बघतो."

त्यांनी आपलं जुनं धोतर फाडून मुखवट्याला आतून अस्तर लावलं आणि दिला. नाचताना जबडा निखळलाच. घरच्यांनी तो उचलला, कपाळाला लावला, बाजूला ठेवला आणि नाच पुढे चालू केला. तिथे कुणी ओरडलं नाही. ओरडली ती आमची समिती.

"कुणाला विचारून दिला?" अध्यक्षांनी विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतत होतो. तो ओततच राहिलो. मास्तर म्हणाले, "चूक माझी." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. पुढे गावात विनोद झाला, की शिंकेला भिणाऱ्याने देवी फोडली. त्या विनोदावर मीही हसलो आहे.

परवानगी मी दिली होती. हे आज लिहून ठेवतो आहे.

यंदा बोहाड्यात त्या म्हातारीला हे सांगितलं. मुखवटा आता तिच्याच घरी असतो, जबडा सरसाने बसवलेला. ती म्हणाली, "मंग मला काय सांगता? मास्तरांना सांगा."

मास्तर आता लेकीकडे नाशिकला असतात. फोन लावला. माझं नाव ऐकताच त्यांनी विचारलं, "देवी नाचली का? जबडा धरलाय ना?"

"धरलाय. नाचली."

ते म्हणाले, "मग दिली ते बरंच केलं आपण."

ते 'आपण' म्हणाले. ज्या माफीसाठी फोन लावला होता, ती मागायची राहूनच गेली.