खात्यापित्या घरची

आमच्या वडिलांना शिस्त फार आवडायची, दुसऱ्यांनी पाळलेली. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमची भातशेती होती. गावात कुणाचंही भांडण झालं की निवाड्याला त्यांनाच बोलावत. माणूस न्यायाचा, असं सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांना आमच्या घरी रोज जेवायला बसावं लागत नव्हतं.

घरातला न्याय जेवतानाच व्हायचा. दिवसभरात आम्ही काय केलं याची चौकशी ताट वाढल्यावर सुरू व्हायची. उत्तर पसंत पडलं नाही की पाठीत धपाटा, नाहीतर पुढ्यातलं ताट उचललं जायचं. धाकटा भाऊ मुलगा असल्यामुळे बहुतेकदा सुटायचा. मी एक शिकले, ते यायच्या आत जेवून घ्यायचं. चुलीपाशी उभ्यानं, न चावता, भात घशाखाली ढकलायचा.

भातकापणीचे दिवस होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेतून भुकेली आले. शेतावरच्या गड्यांसाठी आईनं मोठा टोपभर भात शिजवून ठेवला होता. मी झाकण सरकवून हातानंच काही घास खाल्ले आणि मागे वळले, तर दारात बाबा.

ते ओरडले नाहीत. टोप उचलून बाहेर ओटीवर नेला आणि मला त्याच्यासमोर बसवलं. गडी हातपाय धुऊन अंगणात येऊन टेकले होते.

"भूक लागलीय ना तुला? मंग खा आता. सगळा खा."

"नको बाबा."

"मघाशी हवा होता ना?" बैल हाकायची शिमटी त्यांच्या हातात होती.

मी खाल्लं. आमटी नाही, मीठ नाही, नुसता भात. थांबले की शिमटी पोटरीवर बसायची. शेवटी तिथंच उलटी झाली. ती त्यांनी मलाच पुसायला लावली आणि परत टोपापुढे बसवलं. गडी खाली मान घालून बसले. एक जण हसला, मालकाला बरं वाटावं म्हणून. आई दारापर्यंत आली, पदर तोंडाला लावून आत गेली आणि तिनं गड्यांसाठी दुसरा भात चढवला. आमच्या घरातल्या धाडसाची हद्द तेवढीच होती.

एखाद्याला वाटेल, यानंतर मला भाताचा वीट आला असेल. झालं भलतंच. कुणाचा आवाज चढला की मला खावंसं वाटू लागलं. भूक नसायची. पोटात काहीतरी थरथरायचं आणि त्याच्यावर भाताचं ओझं ठेवलं की ते गप्प बसायचं. अंग भरत गेलं. लग्नाच्या वयाला आले तेव्हा तर ते कौतुकाचं झालं होतं. बघायला आलेली मंडळी मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "खात्यापित्या घरची दिसते." बाबांची छाती फुगली. मला पोसल्याचा दाखला त्यांना माझ्याच अंगावर मिळाला होता.

नवरा मोहोपाड्याच्या एका कारखान्यात होता, स्वभावानं अगदी मऊ. तिथल्या कॉलनीत आम्ही राहायला गेलो. शेजारच्या खोलीत भांडण लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जायची आणि उभ्यानंच गार भात खायची. नवरा म्हणायचा, "अगं, आत्ताच तर जेवलीस ना?" गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं होतं. मला काट्यावर उभं करून ते म्हणाले, "बाई, तोंडाला कुलूप लावा." एवढं सांगायला माणूस किती वर्षं शिकतो कोण जाणे. कधी खाता, का खाता, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी घरातली गोष्ट बाहेर काढली नसती. मीही न्यायाच्या माणसाचीच लेक.

ती गोष्ट बाहेर निघाली भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला. बाबा म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. पंगत बसली, मी भाताला नको म्हटलं, तर ते व्याह्यांच्या देखत वाढणाऱ्याला म्हणाले, "वाढ रं तिला. लाजतेय ती. पहिल्यापासून खादाड हाय, आमी म्हणून पोसली."

सगळे हसले. मीही सवयीनं हसले असते, पण त्या दिवशी हसू आलंच नाही. मी आवाज न चढवता व्याह्यांना ती टोपाची हकिगत सांगितली. गडी, शिमटी, उलटी, सगळं. पंगतीतले हात थांबले.

बाबा म्हणाले, "मला नाय आठवत असलं काय."

"मला आठवतं," मी म्हणाले.

"मारलं असेल तर भल्यासाठीच मारलं."

"कुणाच्या भल्यासाठी, बाबा?"

व्याही शहाणे होते. त्यांनी पावसापाण्याची चौकशी काढली आणि वाढपी जिलेबी घेऊन आला. नातेवाइकांनी निकाल मात्र तिथल्या तिथं दिला. माझी एक चुलती हात धुताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अंगानं एवढी, आणि मन बघा केवढंसं." भाऊ म्हणाला, "ताई, आजच बोलायचं होतं का?" कुठला दिवस चालला असता, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पुढे बाबा गेले. दिवसकार्याला आलेले लोक सांगत होते, असा माणूस होणे नाही. माझीही तीच आशा आहे.

त्या सगळ्यानंतर मी बारीक झाले नाही. अशा गोष्टी बोलून टाकल्या की अंगावरचं ओझं उतरतं, असं कुणी म्हणालं तर माझं वजन बघून जावं. फरक पडला तो इतकाच, की खाताना मी का खातेय ते मला कळतं. कधी कधी मी ताटली खाली ठेवते. कधी नाही ठेवत.

नंतर आई थोडे दिवस माझ्याकडे राहायला आली. माझ्या शेजारी ती काडीसारखी दिसायची. एकाच घरात, एकाच माणसाच्या धाकात दोघींनी दिवस काढले. मी फुगत गेले, ती वाळत गेली. मी तिचं पान वाढलं आणि म्हटलं, "बस ना गं आई, बरोबर जेवू."

"तू जेव. मी जेवते मागून," ती म्हणाली आणि दाराकडे बघत उभी राहिली.