कप्तान आत्याची यष्टी

आमच्या आत्याचे पाय जमिनीवर कधी नीट टेकलेच नाहीत. ती सातवीत असताना मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर रेडिओ लावून माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी ऐकवली. माणूस उतरला आणि आत्या जी वर गेली ती गेलीच. पुढे लग्न होऊन ती आमच्या मुठे गावाहून नांद्याला गेली, म्हशी, दीर आणि एक कडक सासू सांभाळू लागली. पण आभाळाकडे बोट करून अशी बोलायची, जणू तिकडे तिचं एखादं भातखाचर आहे.

दर भाऊबीजेला ती माहेरी यायची आणि आठ दिवस राहायची. खळ्याकडेची पेंढ्याची गंजी हे आमचं यान. नाव यष्टी, कारण खोऱ्यातून बाहेर पडायचं दुसरं वाहन आम्हाला ठाऊकच नव्हतं. आत्या कप्तान. चुलतभाऊ गणपा चालक. माझा धाकटा भाऊ बाळ्या किरणांचा कोयता चालवणारा शिपाई. मी कोण होऊ, असं विचारल्यावर आत्यानं मला खालीवर न्याहाळलं. मी तेव्हा गुटगुटीत होते, आणि आजही त्या शब्दाला जागते आहे. ती म्हणाली, "शके, तू इंधन."

इंधनाला काम एकच. गंजीच्या बुडाशी बसून घुं करत राहायचं.

एका ग्रहावरचा सूर्य रुसून विझला होता आणि तो पुन्हा पेटवायला आमची यष्टी निघाली होती. गोष्ट आत्या सांगायची, पण जागोजागी थांबून विचारायची, "बोला, काय करायचं?" राक्षसाशी लढायचं की त्याला भाकरी द्यायची, ते आम्ही ठरवायचं. लढाईचा निकाल फोडलेल्या चिंचोक्यांवर. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या की आमची सरशी. नियम मात्र पक्का. "बोललं ते घडलं. मागारी न्हाई." एकदा गणपा घाबरून "मी जातो घरी" म्हणाला, तर आत्यानं त्याला खरंच घरी धाडलं, आणि बिचारा दुपारभर गोठा झाडत बसला. मी तर त्या खेळाच्या अशी प्रेमात पडले, की वर्षभर गणितं सोडवतानाही माझं घुं चालूच असायचं. वर्गात गांधीलमाशी शिरली म्हणून मास्तरांनी कितीदा तरी खिडक्या उघडल्या.

एका वर्षी डाव ऐन मोक्यावर अडला. सूर्य हाताच्या अंतरावर आला होता आणि हिरव्या राणीनं कप्तानाला कोंडून घातलं. तेवढ्यात आत्याची जायची वेळ झाली. "फुडल्या भाऊबीजेला," पिशवी उचलत ती म्हणाली.

पण त्या उन्हाळ्यात आत्याच्या दिराचं लग्न निघालं आणि त्यात आमच्या वडिलांना मानाची टोपी घालायची राहून गेली. वडील पंगतीतून उठून आले. "त्या दारात मी पाय ठिवणार न्हाई." नांद्याहून निरोप आला, "मुराळी आल्याबिगर सून धाडणार न्हाई." वडील आणायला जाणार नाहीत आणि कुणी आणायला गेल्याशिवाय आत्या येणार नाही. दिवाळी आली. वडील ओटीवर बसून उघड्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

कप्तान तिकडं कोंडलेली आणि इंधन इकडं करंज्या खातंय, हे मला पटेना. मीच मुराळी जाते म्हटल्यावर आई म्हणाली, "पोरगी कदी मुराळी जाती व्हय?" मी बाळ्याला पुढं केलं. पुढचे दात पडलेले होते, पण पुरुष होता. आईनं जरा विचार केला आणि फडक्यात उरलेल्या करंज्या बांधल्या. "तुज्या बापाला काय सांगायचं ते मी बगते. जावा."

पिरंगुटापर्यंत यष्टीनं, पुढं लवळ्यावरून चालत. नांद्याच्या दारात आत्याची सासू तांदूळ पाखडत बसली होती.

"कोण रं तुमी?"

"मुराळी," बाळ्या म्हणाला.

"आन् मोठं मानूस कुटंय?"

माझी भंबेरी उडाली. तोंडातून भलतंच निघालं. "आमची कप्तान हितं हाय. हिरव्या राणीनं कोंडलीया."

बोलले आणि मग माझं लक्ष म्हातारीच्या लुगड्याकडं गेलं. हिरवंगार.

"कोन हिरवी राणी?" सुपातले तांदूळ थांबले.

आत्या शेणाच्या हातानं गोठ्यातून बाहेर आली होती. तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "तुमी," ती म्हणाली. "पोरांचा खेळ हाय. राणी म्हनंल तसंच फुडं घडतंय. बोला, काय करायचं?"

म्हातारीनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "टोपी इसरले गडी, आन् वाईट झाले मी," ती हळूच म्हणाली. "काय करायचं म्हून मला आजवर कुनी इचारलं न्हाई." मग तिनं सूप बाजूला सारलं. "सोडली म्हनावं तुमची कप्तान. आट दिस."

"बोललं ते घडलं," बाळ्यानं बजावलं. "मागारी न्हाई."

"न्हाई रं बाबा."

ती आत गेली, कोरी टोपी घेऊन आली आणि बाळ्याच्या डोक्यावर ठेवली. "मुराळ्याचा मान." टोपी त्याच्या नाकापर्यंत आली.

घरी वडिलांना आधी टोपी दिसली, मग तिच्याखालचा बाळ्या, मग आत्या. त्यांनी टोपी उचलून निरखली, पुन्हा बाळ्याच्या डोक्यावर सरळ करून ठेवली आणि आत्याकडं बघत आईला म्हणाले, "आक्कीला पानी द्या आदी. लांबनं आलीया."

दुसऱ्या दिवशी यष्टी सूर्याशी पोचली. गणपानं बाळ्याच्या किरणांच्या कोयत्यानं पेटवू म्हटलं. आत्यानं मान हलवली. "सूर्य पेटवायला जळान लागतंय. इंधनाला इचारा." इतक्या वर्षांत इंधनाला कुणी काही विचारलं नव्हतं. "शके, जळतीस का?"

"जळते," मी म्हणाले.

चिंचोके पडले. सगळे पांढरे. आम्ही असे ओरडलो, की बांधावर उभे असलेले वडीलसुद्धा ओरडले, आणि मग खोकला आल्यासारखं करून निघून गेले.

पुढच्या भाऊबीजेला आत्याला पोचवायला सासू स्वतः आली. पाणी पिऊन झाल्यावर थेट खळ्याकडं आली आणि म्हणाली, "राणी हाय का मेली?"

आता आत्या नाही. माझा मुलगा संगणकावर असलाच एक खेळ खेळतो: यान, ग्रह, लढाया, आणि आपण निवडू तशी पुढं जाणारी गोष्ट. परवा त्यानं मला समोर बसवलं. "आई, कोण व्हायचंय? बघ, कप्तान आहे, शिपाई आहे, चालक आहे." मी सगळे पर्याय दोनदा पाहिले. इंधन नव्हतं. नाइलाजानं कप्तान झाले. यान सुटलं, आणि मुलगा माझ्याकडं वळून बघायला लागला.

"आई, घुं कसलं करतेस?"

"गप," मी म्हटलं. "त्याशिवाय उडत नाही."