झाकलेली टोपली

वसुधाताई गेल्याचा निरोप आमच्या आन्सरिंग मशीनवर होता. इथल्या, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी त्यांच्याच नाटुकल्याच्या झेरॉक्स काढून मी नुकतीच घरी आले होते. त्यांचा भाऊ सांगत होता, की त्या गेल्या उन्हाळ्यापासून आजारी होत्या... मला आधी राग आला; रडू नंतर आले.

राग का आला, हे समजण्यासाठी त्यांची लाडकी गोष्ट सांगायला हवी. अथेन्सचा राजा केक्रॉप्स हा कमरेखाली साप. त्याच्या तीन मुलींना अथीना देवीने एक झाकलेली टोपली सांभाळायला दिली आणि उघडू नका, असे बजावले. दोघींनी उघडली. आत तान्हे मूल आणि त्याच्याभोवती साप. ते पाहून त्या वेड्या झाल्या आणि कड्यावरून खाली पडल्या. तिसरी, पँड्रोसस, हिने टोपलीला हात लावला नाही. एवढेच तिचे चरित्र. पण कॉलेजात ग्रीक पुराणे शिकवणाऱ्या वसुधाताईंना नाटुकल्याची नायिका म्हणून हीच हवी असे.

"अहो ताई, ही काहीच करत नाही. मुलांनी अ‍ॅक्टिंग कसली करायची?"

"उघडत नाही ना? तुला जमतं का बघ आधी."

हा टोमणा दह्यावरून होता. तालमी आमच्याकडे होत. आल्या आल्या त्या विरजलेल्या दुधाचा डबा माझ्या बंद ओव्हनमध्ये ठेवत आणि उबेसाठी आतला दिवा तेवढा लावत. मिनेसोटाच्या थंडीत आम्ही सगळ्याच असे दही लावतो. पण झाकण उचलून पाहण्याची मला सक्त मनाई असे, माझ्याच स्वयंपाकघरात.

पँड्रोसस झालेल्या माझ्या मुलीने, नेहाने, एकदा विचारले, "मावशी, what if the baby is hungry?"

वसुधाताईंनी टोपलीचे झाकण नीट बसवले. मग म्हणाल्या, "रडेल की ते. तेव्हा बघू."

या हिवाळ्यात त्यांचे येणे थांबले. फोन केला, की म्हणत, "पेपरांचं ग्रेडिंग फार आहे गं. तालीम तू घे." आवाज बारीक वाटे. मी विचारी, "बरं आहे ना सगळं?" उत्तर ठरलेले, "तू संवाद पाठ करून घे." न उघडण्याचे धडे आम्हाला इतकी वर्षे यांनीच दिले, आणि रडायची वेळ आली तेव्हा या रडल्याही नाहीत. याला काय म्हणावे?

परवा सकाळी दही लावले. ओव्हनचा दिवा लावला. दुपारपर्यंत चारदा दार उघडून झाकण उचलून पाहिले. दही लागले नाही... वसुधाताई असत्या तर खूप बोलल्या असत्या.