आपल्या पट्ट्यातला त्यांचा कॅमेरा

चहा यायला वेळ आहे, तोवर माझ्या एका घोळाचा किस्सा सांगतो. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. पुढे पुढे मलाच हसू येत नाही, तुमची काय हमी देऊ?

आमचा फोटो स्टुडिओ भवानी पेठेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, मोडनिंबहून सोलापुरात आले आणि त्यांनी तो काढला. जगात कॅमेऱ्याच्या कंपन्या असतील डझनभर, आमच्या घरात दोनच. एक 'आपली' आणि दुसरी 'त्यांची'. नावं सांगत नाही, उगाच कुणी भांडायला यायचं.

आप्पांचं 'आपली'वर प्रेम किती म्हणाल? कंपनीनं कधीकाळी फुकट दिलेल्या छत्रीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, तरी आईला ती टाकू दिली नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली की देवाला एक फूल आणि कॅमेऱ्याला अख्खा हार!

माझ्या बहिणीला नातेपुत्याचं स्थळ आलं. मुलगा देखणा, निर्व्यसनी, धंद्यानं फोटोग्राफर. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "पावनं, कॅमेरा कंचा वापरता?" त्या बिचाऱ्यानं खरं सांगितलं. आप्पांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

पाहुणे गेल्यावर आई भडकली, तर हे म्हणतात, "जावयाच्या गळ्यात त्यांचा पट्टा? आपल्या दारात? न्हाय जमायचं!"

शेवटी बहीण बँकेतल्या माणसाला दिली. बँक कोणती ते मात्र कुणी विचारलं नाही.

पुढे आई गेली, आप्पांना काचबिंदू झाला आणि स्टुडिओ माझ्याकडे आला. माणूस समोर आला की ओळखायचे, पण अक्षर काही दिसायचं नाही. तरी एक काम त्यांच्याकडेच राहिलं. आमच्या पेठेत हळदीचा पहिला फोटो आप्पांच्या हातचा लागायचा. त्यांनी पहिला फोटो काढला की संसार सुखाचा होतो, अशी लोकांची समजूत होती. ती कुणी पसरवली हे मी विचारलं नाही, पण मला आप्पांचाच संशय आहे.

कॅमेरा डोळ्याला लावायचा, डाव्या हातानं लेन्स फिरवून नवरीला जवळ आणायचं आणि बटण दाबायचं. चेहरा स्पष्ट करायचं काम आता कॅमेराच करतो. तेवढ्या एका फोटोसाठी आप्पा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसलेले असायचे. आई गेल्यावर त्यांना कशाची वाट बघताना मी पाहिलं असेल, तर ती ह्याच फोटोची.

आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर आमचा कॅमेरा बसला. दुरुस्त केला तरी दर पाच-दहा फोटोंनी थांबायचा. लोकांनाही आता लग्नाचे व्हिडिओ हवेत, रील हवेत. आप्पा म्हणाले, "नवा घे. पन आपलीच घ्यायची."

"म्हणजे काय आप्पा! आपलीच," असं म्हणून मी गाडीला किक मारली.

कॅमेऱ्याच्या दुकानातले इरफानभाई माझे जुने दोस्त. ते म्हणाले, "बाळूभाई, तुमच्या कंपनीचा नवा माल संपला. महिन्याशिवाय येत न्हाय. हा बघा, त्यांचा. नवरीला मान वळवू द्या, तिच्या डोळ्यावरचा फोकस सोडत न्हाय हा."

मी तो हातात घेतला. आता काय लपवायचं? मी विरघळलो. हळदीच्या तारखा चार दिवसांवर होत्या हे खरं, पण कॅमेरा आवडला हे त्याहून खरं. आपल्या लेन्स त्यांच्या कॅमेऱ्याला बसत नाहीत, म्हणून जुना कॅमेरा, लेन्स, सगळं तिथंच बदल्यात देऊन टाकलं. फक्त एक वस्तू मी मागून घेतली. जुन्या कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा.

तुम्हाला कळलंच असेल कशासाठी!

पन्नाशीचा बाप्या मी, दोन पोरांचा बाप. पण आप्पांना 'त्यांची' घेतली हे सांगायची छाती झाली नाही. मग इरफानभाईंच्या काउंटरवरच पट्टा नव्या कॅमेऱ्याला लावला आणि कॅमेऱ्यावरच्या नावावर काळी टेप चिकटवली. इरफानभाई म्हणाले, "वालिदसाबला फसवताय? लई महागात पडंल."

घरी आल्यावर आप्पांनी पट्टा चाचपला. त्यावरची शिवलेली अक्षरं बोटांना ओळखीची होती. "आपलीच. पट्टा जुनाच ठिवलास, ब्येस केलंस. अन् ही टेप कशाला?"

"चोरांची भीती आप्पा. भारी कॅमेरा आहे."

"व्हय व्हय. आपल्या कंपनीवर सगळ्यांचाच डोळा!"

आता एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, सगळा घोळ तिच्यात आहे. आपली लेन्स ज्या बाजूला फिरवली की लांबचं जवळ येतं, त्यांची बरोबर त्याच्या उलट फिरवावी लागते. माझाही हात दोन दिवस चुकत होता. तिसऱ्या दिवशी बसला आणि मी ते विसरूनच गेलो. स्वतःचा हात बसला, आता दुसऱ्याच्या हाताची आठवण कशाला राहतेय?

पद्माक्कांच्या मुलीची हळद होती. पद्माक्का आमच्या शेजारच्या, घरात चादरीचे माग. "आप्पा, या, तुमच्यासाठी मुलगी थांबलीय," म्हणून त्यांनी हाताला धरून पुढे नेलं. वाजंत्री थांबली. आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्स फिरवली.

नवरी जवळ यायच्या ऐवजी लांब गेली. त्यांनी आणखी जोरात फिरवली, ती आणखी लांब गेली. आप्पा थांबले. कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर नेला, पुन्हा तेच. शेवटी बटण दाबलं. फोटोत सगळा मांडव आला, भजी खाणारे तीन मामा आले, पंखा आला, आणि मधे कुठंतरी हरभऱ्याएवढी नवरी.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघून लोक हसले. प्रेमानंच हसले हो. पण आप्पांना हसणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

घरी परतताना रिक्षात ते हळूच म्हणाले, "बाळू, हात इसरला रं."

बघा, हीच ती वेळ होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी उघडलंही. आणि काय बोललो?

"चालायचंच आप्पा. वय झालं आता."

माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

पुढच्या हळदीला आप्पांनी सदरा घातला नाही. म्हणाले, "तूच काढ." मला वाटलं, आठ दिवसांत विसरतील. पण गोष्ट हातावर थांबली नाही. गॅस बंद केला का, हे ते माझ्या बायकोला, सुनंदाला, चार-चार वेळा विचारायला लागले. रोज संध्याकाळी एकटे देवळात जायचे, ते बंद केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्या हाताला जलमभराची लेन्स आठवंना, त्याच्या पायाला घरचा रस्ता आठवंल व्हय?"

सुनंदानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, सोलापूरच्या पेठांची नावं विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आप्पांनी घडाघडा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "त्याला कॅमेऱ्यातलं काय कळतंय?"

त्या दिवशी मी सुनंदाला सगळं सांगितलं. तिच्या हातातली पोळपाट-लाटण्याची जोडी माझ्या डोक्यावर आली नाही, एवढंच माझं नशीब. ती म्हणाली, "अहो, माणूस खचलाय तिकडं! आत्ताच्या आत्ता सांगा."

आप्पा खाटेवर बसले होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. टेप, पट्टा, इरफानभाईंचं दुकान, उलटी फिरणारी लेन्स. एका दमात. बोलताना रडायला आलं, ते लपवलं नाही.

आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि ते चक्क हसले. माझ्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाले, "येडाच हायस की रं. मला बरं वाटावं म्हून एवढी गोष्ट रचलीस?"

"आप्पा, खरं सांगतोय!"

"तू अन् त्यांची कंपनी? आपल्या घरात? सूर्य उगवंल व्हय मावळतीला?"

मी टेप टराटरा काढली. सुनंदाला म्हटलं, वाच. तिनं नाव मोठ्यानं वाचलं.

"तू त्याचीच बायको," आप्पा म्हणाले, "त्यो सांगंल तेच वाचणार."

आहे का आता! खोटं बोललो ते एका क्षणात पटलं, आणि खरं बोलतोय तर विश्वास ठेवायला तयार नाहीत. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुना कॅमेरा! तो त्यांच्या हातात दिला की हात आपोआप बरोबर फिरणार. मग कसं नाही म्हणतील?

तसाच इरफानभाईंकडे पळालो. त्यांनी कॅमेरा लेन्ससकट अजून कपाटातच ठेवला होता. "त्यो कोन घेतंय? न्या घरी. अन् माफी मागा आधी."

आप्पांनी जुना कॅमेरा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. कोपऱ्यावरचा पोचा अंगठ्याला लागला. "ह्यो आपला म्हातारा! बार्शीच्या लग्नात पडला होता, ह्यो बघ पोचा."

"आप्पा, टेबलावरचा तांब्या बघा. तो जवळ आणा."

आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला, डावा हात लेन्सवर ठेवला आणि फिरवला.

उलटा!

पुन्हा फिरवला. पुन्हा उलटा. तांब्या लांब लांब जात राहिला.

हे कसं झालं? मग आप्पांनीच कॅमेरा मांडीवर ठेवला आणि सांगायला लागले. रोज दुपारी मी जेवून आडवा झालो की ते कपाटातून नवा कॅमेरा काढायचे. गॅलरीत बसून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी जवळ आणायचे, लांब न्यायचे. जवळ, लांब. दीड महिना. "हाताला पयल्यापासनं शिकवलं, पोराला बाराखडी शिकवावी तसं. परवापासनं धा पैकी धा जमाय लागलं. म्हटलं, आता तुला सांगावं, फुडच्या हळदीला मी येतो म्हून. सुनंदाला सदरा काढाय सांगणार हुतो आज."

समजलं ना तुम्हाला? त्यांचा हात दीड महिन्यात त्यांनी स्वतः परत मिळवला होता. माझी काही गरज नव्हती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं! जिथं बोलायचं तिथं गप्प बसलो, आणि जिथं गप्प बसायचं तिथं पुरावा घेऊन आलो.

"आप्पा, म्हणूनच! दोन कंपन्यांच्या दोन दिशा आहेत. नव्याची सवय झाली म्हणून जुना चुकला."

"एकाच कंपनीचे दोन कॅमेरे दोन बाजूला फिरत्यात व्हय? कंपनीनं दिशा बदलली असती तर मला कळवलं नसतं?" मग अगदी साध्या आवाजात, "कंपनी न्हाय चुकत रं. हात गेला माझा. नव्याला शिकवला तर जुन्याला इसरला. आता न्हाय नाद करायचा."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही. कोणताच.

त्याला दोन वर्षं झाली. आप्पा रोज स्टुडिओत येऊन बसतात. इस्त्रीचा सदरा कपाटात घडी घातलेला आहे. पद्माक्का अजून येतात आणि आग्रह करतात, आप्पा हात जोडतात.

बाकी मन रमवायला त्यांच्याकडे एक गोष्ट आहे, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. काल एका लग्नाचे मुलीकडचे लोक आले होते, त्यांनाही सांगितली. मी समोरच उभा होतो, गळ्यात आपला पट्टा, पट्ट्याला त्यांचा कॅमेरा.

"माझा हात गेला," आप्पा त्यांना म्हणाले, "तवा ह्या पोरानं मला बरं वाटावं म्हून सोतावर आळ घेतला. आळ तरी कसला? कंपनी बदलल्याचा! रडला बी खोटं खोटं. असा पोरगा हाय माझा. जीव दील, पन कंपनी सोडायचा न्हाय."

पाहुण्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी मान खाली घातली. तेही आप्पांनी त्यांना समजावून सांगितलं, "बगा, लाजतोय."