भ्या वाटतं म्हणून

शहापूरच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची, सापगावची शेतकरीण. बोलता बोलता पदर मानेवरून फिरवायची तिला सवयच जडली होती.

"पाळी गेली आन् अंगाची भट्टी झाली गो," ती म्हणाली. "रात्री घामानं अंथरूण भिजायचं. झोप नाय, सुनेवर उगाच खेकसायची. आता हार्मोनच्या गोळ्या चालू हायेत. यंदा भाताच्या लावणीला उभी राहिले."

मीही त्याच त्रासासाठी मुरबाडहून आले होते. पण त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, असं ऐकून धास्तावले होते. तिला तसं विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना. छातीत गाठ होऊ शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते. सगळ्यांना नाय होत, पण एखादीला होते. भ्या वाटतं म्हणून तर तपासायला येते."

गुठळी म्हटल्यावर मी दचकले. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर माझ्या पायात गुठळी झाली होती. इतक्या वर्षांत ते विसरूनच गेले होते.

आत गेल्यावर पहिल्यांदा तेच सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मग या गोळ्या तुम्हाला नकोत. हार्मोन नसलेली औषधं आहेत, त्यांनीही आराम पडतो."

बाहेर आले तर ती थांबलेलीच होती. "काय झालं गो?"

मी सगळं सांगितलं. तिनं माझा हात घट्ट दाबला.

"म्हंजे तुलाबी झोप लागंल."