मी न बांधलेल्या चिंध्या

असले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त नवऱ्याला चिडवायला. तो शाळेत विज्ञान शिकवतो आणि तरी असलं काही वाचलं की दाराची कडी दोनदा तपासतो. मी नाही. आमच्या घरातून भानामती, अंगात येणं वगैरे सगळं आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी बाहेर गेलं. शिवाय माझा पेशा मोजणीचा. दिसलं, मोजलं, लिहिलं, विषय संपला. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच थोडा राग येतोय. पण दीड वर्ष झालं... मोजमाप जुळत नाही.

मी वर्ध्याला राहते, वय एक्कावन्न. हवाई सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत आहे. छोट्या विमानाच्या पोटाला कॅमेरा लावायचा आणि नकाशावर आखलेल्या रेषांवरून, शेतात तास धरून नांगर फिरवावा तसं, जात-येत फोटो घ्यायचे. रेषा सुटत नाही ना, हे पाहणं माझं काम. कॅमेरा मोरेश्वरकडे. हा मोरेश्वर समुद्रपूरचा, चाळिशीचा, तोंड अखंड चालू. विमान चालवणारे कॅप्टन भोपाळकडचे, अगदी मितभाषी. आम्ही तिघंच.

मार्चची सकाळ होती. सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या वरच्या अंगाला जंगल आहे, त्यावर चौदापैकी आमची नववी रेषा अर्धी झाली होती. मोरेश्वर मला म्हणत होता, "मॅडम, आज लवकर उतरू जी, बायकोनं पाटवड्या कराले घेतल्या." तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला आणि मग थांबलाच. त्याची कारणं चौकशीत आहेत, त्यावर मी बोलणार नाही. कॅप्टन एवढंच म्हणाले, "बेल्ट देख लो." त्यानंतर सागाचे शेंडे खिडकीच्या वर गेले.

शुद्धीवर आले तेव्हा मी उलटी लटकत होते. घड्याळ चालू होतं, दहा पस्तीस. कॅप्टन गेले होते. नाडी दोनदा पाहिली. मोरेश्वर जिवंत होता, पण त्याचा उजवा पाय वाकलेल्या सीटखाली अडकला होता. मी ओढून पाहिलं, हलला नाही. रक्त दिसलं नाही, म्हणून मी ठरवलं की हाड मोडलंय, बाकी ठीक आहे. माझ्या हाताला खरचटलं होतं आणि कपाळ फुटलं होतं. माझा फोन फुटला होता, त्याचा सापडला, पण रेंज नाही.

"मॅडम, तहान लागली जी," तो म्हणाला. "तोंडात माती गेल्यावानी वाटून राह्यलं."

पाण्याची बाटली रिकामी होती, बूच उडालेलं. वरून येताना उताराच्या पायथ्याशी नाला पाहिल्याचं मला आठवत होतं.

"पाणी आणते. अर्ध्या तासात येते."

"मले सोडून जाऊ नका."

"मग तहानेनं मरतोस का? झोपू नकोस. एवढंच काम कर."

इथे माझी कामाची पद्धत सांगावी लागेल. तरुणपणी मी जंगलात झाडमोजणी केली आहे. तेव्हाच्या मुकादमाने शिकवलेलं — अनोळखी रानात शिरताना दर तीस पावलांवर, डोळ्यांच्या उंचीला, चिंधी बांधायची. दोन फेरे, एक गाठ, आणि गाठीत एक हिरवं पान खोचायचं. पान ताजं असेल तर खूण आजची, सुकलेलं असेल तर कुणाची तरी जुनी. आणि परतताना डोकं चालवायचं नाही, चिंधी दिसली की तिच्याकडे चालायचं. दमलेल्या माणसाची आठवण खोटं बोलते, असं तो म्हणायचा.

माझी ओढणी पिवळी, काळ्या ठशांची. मोरेश्वरच्या कटरने ती फाडत फाडत मी उतरले. सतरा चिंध्या. उरलेला तुकडा कमरेला खोचला, बाटली भरली, वर निघाले.

नाल्यावरून थोडं चढून आल्यावर एक मोठा काळा खडक लागला. खडकापाशी उजव्या हाताला चिंधी होती. तिच्यापुढे आणखी एक. पिवळी, दोन फेरे, गाठीत ताजं पान. मी डोकं न चालवता चालू लागले. मुकादमाचा नियमच तो.

चिंध्या मोजायची सवय असल्यामुळे मोजत होते. नाल्यापासून अठराव्या चिंधीला पाय थांबले. एकतर मी बांधल्या होत्या सतरा. खडकाच्या खाली चार येऊन गेल्या होत्या, म्हणजे वर तेराच उरायला हव्या होत्या. आणि मी चढत नव्हते. जमीन सपाट होती.

मी ती चिंधी सोडवून पाहिली. माझीच ओढणी. माझीच गाठ. पानाच्या देठातून अजून चीक येत होता.

घाबरले का? हो. पण तिकडे मोरेश्वर वाट बघत होता आणि मी उलट दिशेला आले होते, याचं जास्त वाटलं. वळणार, एवढ्यात पुढून खराट्याचा आवाज आला. वाळला पाला झाडत असल्याचा. आणखी चार चिंध्या, आणि मी जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर बाहेर पडले.

वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी रस्त्याकडेचा पाला झाडून पट्टा मोकळा करतात, त्या कामावरची माणसं होती. सहा-सात मजूर आणि एक वनरक्षक. एका म्हाताऱ्या बाईने खराटा टाकला.

"अवं माय, हे कोन आली रक्तानं भरून? वाघानं धरलं का वं तुले?"

"विमान पडलंय," मी म्हटलं. "एक माणूस अडकलाय."

"हाव, आवाज आलता. आमी म्हटलं, खदानीत बार उडवून राह्यले."

वनरक्षकाने वायरलेसवर निरोप दिला. मी म्हटलं कुऱ्हाड, पहार आणि दोर घ्या. म्हातारीनं माझ्या हातातली बाटली घ्यायला बघितलं, "दोन घोट पे पहिले." मी दिली नाही. ते पाणी मोरेश्वरचं होतं.

खडकापर्यंत त्याच चिंध्यांवरून आलो. तिथून डावीकडे वर माझ्या तेरा चिंध्या नीट दिसत होत्या. त्या मला आधी का दिसल्या नाहीत, ठाऊक नाही. वाट मला माहीत म्हणून मी सगळ्यांच्या पुढे. विमानापाशी पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते.

मोरेश्वर जागा होता. पांढराफटक, पण जागा. पहारीने सीट उचलली आणि पाय बाहेर काढला, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मांडीच्या मागच्या बाजूला पत्र्याने खोल चिरलं होतं. सीटखालची माती रक्ताने काळी झाली होती. आणि जखमेच्या वर पिवळ्या, काळ्या ठशांच्या पट्ट्यांनी मांडी आवळून बांधलेली होती, मध्ये काठी घालून पिळलेली.

"हे कोणी बांधलं?"

"कोनी म्हंजे?" तो म्हणाला. "तुमीच नाई का."

वनरक्षक माझ्याकडे बघायला लागला. मी बाटली मोरेश्वरच्या तोंडाला लावली. तो म्हणाला, "पुरे जी. आताच तर पाजलं." त्याच्या छातीवर कॅमेऱ्याच्या लेन्सचं मोठं झाकण होतं. ओलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिनी तुटली होती. वेळेवर बांधलं नसतं तर अर्ध्या तासाचा खेळ होता. "कोणी बांधलं, चांगलं बांधलं," असंही म्हणाले. मी ती जखम पाहिलीच नव्हती. माणूस बसल्या जागी संपत होता आणि मी "बाकी ठीक आहे" म्हणून पाणी आणायला गेले होते.

वनरक्षकाकडून मी सगळ्या चिंध्या मागवून घेतल्या. पायावरच्या पट्ट्या दवाखान्यातून आणल्या. घरी फरशीवर पसरल्या आणि नवऱ्याला बसवलं. फाटलेल्या कडा जुळवत गेलो, धाग्याला धागा. नाल्याच्या वाटेवरच्या सतरा आणि कमरेचा तुकडा मिळून एक पूर्ण ओढणी झाली. रस्त्याकडच्या चिंध्या आणि पायावरच्या पट्ट्या मिळून दुसरी. माझी ओढणी एकदा स्कूटरच्या स्टँडला अडकून फाटली होती, ती मी हिरव्या दोऱ्याने शिवली होती, पिवळा संपला होता म्हणून. दोन्ही ओढण्यांवर हिरवा टाका होता. त्याच जागी. तसाच वाकडा.

नवरा म्हणाला, "परत मोज."

तीनदा मोजलं. मग त्यानेच दोन्ही गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि दाराची कडी तपासायला गेला.

डोक्याला मार लागल्यामुळे मीच परत गेले, बांधलं आणि विसरले, असं म्हणता येईल. मला आवडलं असतं ते. पण मोरेश्वरला ‘आताच’ पाणी पाजलं गेलं, त्या वेळात मी सात-आठ माणसांसोबत होते. आणि दुसरी ओढणी कुठून आणली?

मोरेश्वरला मी लगेच विचारलं नाही. तीन आठवड्यांनी, तो उशीला टेकून बसायला लागला तेव्हा गेले. त्याची बायको चहा आणायला बाहेर गेली होती. म्हटलं, मी गेल्यानंतर काय झालं, सगळं सांग.

"तुमी लवकरच आल्या," तो म्हणाला. "पाय बांधला. म्या बोंबललो तर म्हने, गप बस, शाळेतलं पोट्टं हायस का. मंग पानी देल्लं. मंग मले रेषांचे नंबर म्हनाले लावले. एक ते चौदा, चौदा ते एक. झोप आली की गालावर चापट. तुमचा हात लय जड हाय मॅडम."

"मीच होते? नक्की?"

"आता मले येड्यात काढता का? कपाळावर हे असं रक्त, हे तुमचा पिवळा ड्रेस. पन एक सांगू? तुमी लय रडत होत्या. मले वाईट वाटलं. तुमाले रडताना म्या कधी पाह्यलं नाई."

मी त्या दिवशी रडले नव्हते. आजपर्यंत नाही.

"मग शेवटी?"

"शेवटी खालून मानसांचा आवाज आला. तुमी उठल्या. म्हने, आले ते, आता तू सुटला. अन् तुमी तशाच त्या वाटेनं खाली उतरल्या, त्याईले भेटाले. दोन मिनिटात सगळे आले, पुढं तुमीच. म्या म्हटलं, बरं झालं, घेऊन आल्या."

तो हसून चहाची वाट बघत दाराकडे बघू लागला. त्याला यात काहीच विचित्र वाटत नव्हतं.

खडकापासून विमानापर्यंत ती वाट एका माणसापुरती होती, दोन्ही बाजूंनी झुडपं. आम्ही तिच्यावरूनच वर गेलो. सगळ्यात पुढे मी होते. मला समोरून कोणी भेटलं नाही.